सड्यावरचं भूकंप स्टेशन दर जुलैला का बंद पडायचं

संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी, आरवली ही गरम पाण्याच्या कुंडांची गावं आहेत ना, त्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला एक सडा, म्हंजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, आहे. तिथे आमच्या आधी कोणीतरी एक छोटं भूकंपमापक स्टेशन बसवलेलं होतं. दिवाळीपासून मिरगापर्यंत ते व्यवस्थित चालायचं आणि जुलैचा दुसरा आठवडा लागला की डेटा यायचा बंद. मग सप्टेंबर संपता संपता कोणीतरी वर जाणार, बॅटरी खाली आणून चार्ज करणार, मेमरी कार्ड बदलणार, परत चालू. जमीन ज्यांची ते काका तर सरळ म्हणाले, "ता गणपतीपतुर बंदच ऱ्हातंय, आमाला काय नवीन नाय." आमच्याकडे काम आलं ते "पॅनल मोठं टाकून द्या" एवढ्याच मागणीसकट. शेवटी जे केलं त्यात पॅनल उलट लहान झालं, ते कसं ते सविस्तर लिहितोय, कारण कोकणात कुठेही सेन्सर लावणाऱ्याला, मग तो पावसाचा असो की दरडीचा, हाच त्रास होणारे.

आधी हे स्टेशन तिथे कशाला ते बघू. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला, सहाच्या वरच्या मॅग्निट्यूडचा. धरणाच्या पाण्यामुळे चाळवल्या गेलेल्या भूकंपाचं उदाहरण म्हणून जगभर पहिलं नाव कोयनेचंच निघतं. १९८५ पासून वारणेचं धरण भरायला लागल्यावर धक्क्यांचा पट्टा दक्षिणेला वारणेच्या बाजूला पण सरकला. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराडला खास बोअरहोल प्रयोगशाळा काढली आणि गोठण्याला ३ किलोमीटर खोल भोक पाडलं ते ह्याच अभ्यासासाठी. आता भूकंपाची नेमकी जागा काढायची तर त्याच्या सगळ्या बाजूंना स्टेशनं लागतात, आणि घाटाच्या खाली कोकणाच्या अंगाला एखादं जरी असलं तरी पश्चिमेकडची मोकळी बाजू झाकली जाते. हा सडा कोयना धरणापासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर, म्हंजे भूकंपाची पहिली, वेगवान पी लाट आल्यावर साडेतीन-चार सेकंदात मागची, हळू एस लाट येणार, नोंद एकदम स्वच्छ मिळते.

आणि खरी गोम इथेच आहे. कोयनेचं पाणी पावसाळ्यात चढतं आणि पाणी चढल्यानंतरच्या महिन्यांत छोट्या धक्क्यांचं प्रमाण वाढतं, असं तिथल्या अभ्यासातून पुढे आलंय. म्हंजे ज्या काळातला डेटा सगळ्यात जास्त हवा नेमकं त्याच काळात आमचं स्टेशन झोपलेलं. मे महिन्यातला डेटा कितीही सुंदर असला तरी त्याचं करायचं काय.

जुनी मांडणी अशी होती. ४.५ हर्ट्झचे तीन जिओफोन, म्हंजे जमिनीची हालचाल टिपणारे सेन्सर, एक उभा आणि दोन आडवे, जांभ्यात खड्डा करून सिमेंटवर बसवलेले. त्यांच्यामागे सिग्नलचे आकडे करणारा २४ बिटचा एडीसी, सेकंदाला १०० नमुने, मग एक छोटा लिनक्स बोर्ड, ४जी डोंगल, वेळेसाठी जीपीएस, १०० वॅटचं पॅनल आणि ४० अँपिअर-अवरच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या. डेटा चोवीस तास लाईव्ह सर्व्हरला. कागदावर काहीच चुकीचं नाही, शहरातल्या गच्चीवर लावलं असतं तर वर्षानुवर्षं चाललं असतं.

जिओफोनला स्वतःला वीजच लागत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आत स्प्रिंगवर लटकलेली कॉईल आणि लोहचुंबक, जमीन हलली की तोच व्होल्टेज तयार करतो. सगळा खर्च त्याच्या पुढचा. लिनक्स बोर्ड अडीच वॅट, डोंगल सरासरी दीड, एडीसी आणि जीपीएस मिळून पाव-अर्धा, वरून व्होल्टेज उतरवणारे स्वस्त कन्व्हर्टर आणि चार्ज कंट्रोलर स्वतःच खातात ते अर्धा वॅट. झाले पाच वॅट. पाच वॅट म्हटलं की काहीच वाटत नाही, घरातला नाईट लॅम्प तेवढा घेतो, पण चोवीस तासांचे १२० वॅट-अवर होतात. बॅटरीत नावाला ९६० वॅट-अवर आहेत पण लेड-ॲसिड अर्ध्याच्या खाली वारंवार नेली की मरते, म्हणून कामाचे ४८०. आणि पॅनल? सलग पाऊस लागला की आम्ही हिशोबात दिवसाला पूर्ण उन्हाचा एकच तास धरतो, त्यातही घट धरून १०० वॅटच्या पॅनलमधून हातात ६० पडतात. खर्च १२०, जमा ६०, तूट रोजची ६०, शिल्लक ४८०. आठ दिवस. जूनमधे मधेमधे उघडीप असते म्हणून तगतं, जुलैत झड लागली की आठवड्या-दीड आठवड्यात खलास. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

पण नुसता एवढाच हिशोब नव्हता. लॉग काढून बघितले तर झडीच्या दिवसांत खर्च १२० पेक्षाही वर गेलेला. ह्याला कारण डोंगल. मोडेमला टॉवरचा सिग्नल कमी मिळाला की तो जास्त ताकदीने बोलतो, आणि टॉवर पूर्ण गेला की सगळे बँड चाळत नेटवर्क शोधत बसतो, त्यात सगळ्यात जास्त वीज जाते. आणि टॉवर जातो कधी? गावाची लाईट दोन-तीन दिवस गेली की टॉवरच्या बॅटऱ्या संपतात, डिझेल वेळेवर पोचत नाही, टॉवर बंद. म्हंजे ऊन नाही, टॉवर नाही आणि त्याच वेळी खर्च सगळ्यात जास्त, तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात.

वरून मेल्यावर परत उठतही नव्हतं, ते तर अजून मजेशीर आहे. कंट्रोलर व्होल्टेज पडलं की लोड तोडतो आणि थोडं चढलं की परत जोडतो. जोडल्या जोडल्या बोर्ड आणि डोंगल एकदम चालू होतात, सुरू होतानाच सगळ्यात जास्त करंट ओढतात, दमलेल्या बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं, कंट्रोलर परत तोडतो. दिवसभर हेच. त्यात लिहिता लिहिता वीज गेल्यामुळे मेमरी कार्डची फाइल सिस्टीम खराब होते, मग ऑगस्टमधे ऊन पडलं तरी बोर्ड बूटच होत नाही. म्हणून ते गणपतीपर्यंत बंद.

पॅनल तिप्पट आणि बॅटऱ्या तिप्पट, हा सरळ उपाय. करता येतो. पण ३०० वॅटची पॅनलं उघड्या सड्यावर म्हंजे वाऱ्याला आयतं शिड, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरुडच्या बाजूला धडकलं तेव्हा काय काय उडालं ते रायगड-रत्नागिरीवाल्यांना सांगायला नको. शिवाय लेड-ॲसिडची धुडं पाखाडीने, म्हंजे दगडी पायवाटेने, डोक्यावरून वर न्यायची, चोरीची भीती वेगळी. आणि एवढं करूनही टॉवरचं काय ते काय आपल्या हातात नाही.

सॅटेलाइटचा पण विचार झाला. व्हीसॅटने देशातली मोठी भूकंप केंद्रं जोडलेली आहेत, पण त्याला दहा-दहा वॅटच्या पटीत वीज लागते, ते आपल्या डब्याचं काम नाही. इरिडियमची छोटी संदेश सेवा कमी विजेवर चालते खरी, पण भारतात असली सॅटेलाइट उपकरणं परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, आणि एका संदेशात जास्तीत जास्त ३४० बाइट जातात. आमचे तीन चॅनेल, १०० नमुने, नमुन्याला ३ बाइट, सेकंदाला ९०० बाइट. म्हंजे एका संदेशात अर्ध्या सेकंदाचाही भूकंप बसत नाही.

मग लोरा, म्हंजे थोडाथोडा डेटा पाठवणारा छोटा रेडिओ. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसनशिवाय वापरता येतो, वीज नगण्य, लांब पल्ला. पण लोराच्या नावाने लोक हुरळून जातात तिथे जरा थांबायला हवं. आपले ९०० बाइट म्हंजे सेकंदाला ७२०० बिट. लोराचा नेहमीचा १२५ किलोहर्ट्झचा चॅनेल सगळ्यात वेगवान सेटिंगला, म्हंजे एसएफ ७ ला, साडेपाच हजारच्या आतच राहतो, आणि लांब पल्ल्याच्या एसएफ १२ ला तर तीनशेच्या आत. कच्चा डेटा बसतच नाही. भूकंपवाले वापरतात ते स्टाइम कॉम्प्रेशन लावलं, ज्यात नमुना न लिहिता आधीच्या नमुन्यापासूनचा फरक लिहितात, तर शांत वेळेला डेटा तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वर येतो आणि कसाबसा मावतो. पण मग रेडिओ जवळपास अर्धा वेळ बोलतच राहणार, हरवलेलं पॅकेट परत पाठवायला जागा कमी, आणि मोठा धक्का आला की फरक मोठे होतात, कॉम्प्रेशन ढेपाळतं, म्हंजे नेमका महत्त्वाच्या क्षणी चॅनेल तुंबणार. लोरावर सलग डेटा पाठवतो म्हणून कोणी मिरवत असेल तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारा.

इथे आम्ही ज्यांना डेटा लागतो त्यांना जाऊन विचारलं की तुम्हाला लाईव्ह लागतो कशाला. खरंच विचारलं, कारण हा प्रश्न कोणी विचारतच नाही. उत्तर आलं की धक्का आला हे काही मिनिटांत कळलं तर बरं, अभ्यासासाठी पूर्ण डेटा लागतो पण तो दुसऱ्या दिवशी आला तरी चालेल. आगाऊ इशारा देण्यासाठी हे स्टेशन नव्हतंच, आणि तीस किलोमीटरवर एस लाट आठेक सेकंदात पोचते, त्यात खालच्या वाडीला इशारा तो काय देणार. म्हंजे चोवीस तास लाईव्ह ही गरज नव्हती, फक्त तशी पद्धत होती, आणि ह्या पद्धतीपायी चार वॅट जात होते.

हे एकदा मान्य झाल्यावर मांडणी आपोआप सुटत गेली. लिनक्स बोर्ड चोवीस तास चालवायचा बंद. त्याच्या जागी कमी विजेचा मायक्रोकंट्रोलर, तो एडीसी वाचतो, कॉम्प्रेस करतो, आधी रॅममधे साठवतो आणि मिनिटाला एकदाच कार्डावर लिहितो, कारण कार्ड लिहिताना बराच करंट ओढतं आणि प्रत्येक नमुन्याला उठवलं तर सगळी बचत गेली. कार्डावर सगळं जातं, काहीही गाळत नाही. रोजचे तीसेक एमबी होतात, ३२ जीबीच्या कार्डात दोन वर्षांच्या वर मावतं.

धक्का ओळखायला जुनंच एसटीए-एलटीए, म्हंजे आत्ताच्या एका सेकंदाची सरासरी हालचाल भागिले मागच्या तीस सेकंदांची. हे गुणोत्तर ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलं की लोरावरून साठेक बाइटचं एक पॅकेट, त्यात वेळ, सगळ्यात मोठा वेग, गुणोत्तर आणि बॅटरीची अवस्था. एसएफ ९ ला अर्ध्या सेकंदाच्या आत जातं. त्याच्यामागून उभ्या चॅनेलचा चाळीस सेकंदांचा तुकडा एसएफ ७ ला, ते काम वीस-पंचवीस सेकंदात उरकतं. पाठवताना शंभर-सव्वाशे मिलिअँपिअर लागतात पण इतकाच वेळ, त्यामुळे दिवसाच्या हिशोबात ते दिसतही नाही. खरं तर गेटवेकडून, म्हंजे खाली वाडीत ठेवलेल्या रिसीव्हरकडून, निरोप येतोय का म्हणून रेडिओ कान देऊन बसतो त्यात जास्त जाते.

उरला पूर्ण डेटा. त्याला आम्ही उलट टोकाचा रेडिओ लावला, दिशादर्शक अँटेनावाला ५ गिगाहर्ट्झचा वायफाय, जो पाच वॅट खातो. कमी विजेच्या डब्यात पाच वॅटचा रेडिओ बघून पहिल्यांदा सगळेच हसतात. पण तो दिवसातून एकदा दुपारी उठतो, सोबत रास्पबेरी पाय झिरो हा छोटा लिनक्स बोर्ड उठतो, मायक्रोकंट्रोलरकडून कालचा डेटा सिरीयल तारेवरून घेतो, पलीकडे टाकतो आणि पंधरा मिनिटांत दोघं परत झोपतात. दीड-पावणेदोन वॅट-अवर. तेवढ्यात तीन चॅनेलचा अख्खा दिवस खाली उतरलेला असतो. हळू बोलणारा रेडिओ दिवसभर चालवण्यापेक्षा वेगात बोलणारा थोडा वेळ चालवणं स्वस्त पडतं, हे आकडे मांडल्याशिवाय पटत नाही. बॅटरी कमी असेल तर त्या दिवशी उठायचंच नाही, डेटा कार्डावर आहे, ऊन पडलं की मागची बाकी भरून निघते.

जीपीएसचं जरा तपशिलात सांगतो कारण इथे लोक घाईत कापतात. वेळ चुकली तर भूकंपाची जागा चुकते, पी लाट सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते, म्हंजे दहा मिलिसेकंदांची चूक साठ मीटरची. जीपीएस सतत चालू ठेवला तर दहावा हिस्सा वॅट जातो, जो ह्या नवीन डब्यात बराच मोठा वाटा आहे. २ पीपीएमचा, म्हंजे दहा लाखात दोन एवढाच चुकणारा, तापमान सांभाळणारा क्रिस्टल घेतला तर तासाला फार तर सात मिलिसेकंद सरकतो, आणि तासातून एकदा जीपीएस उठवून किती सरकला ते नोंदवलं तर मधली चूक नंतर सरळ रेषेने वाटून काढता येते. सड्यावर दुपारी डबा तापतो आणि पाऊस आला की झटकन थंड होतो, तेव्हा सरकण्याचा वेग बदलतो, म्हणून क्रिस्टल असलेला बोर्ड थर्माकोलच्या पेटीत, जमिनीखाली.

आता नवीन हिशोब. मायक्रोकंट्रोलर, एडीसी, कार्ड, जीपीएस मिळून दिवसाला पाचेक वॅट-अवर. लोरा ऐकत बसायला एक. वायफाय दीड-पावणेदोन. आणि चार्ज कंट्रोलर तीन! हो, कंट्रोलर स्वतः दहा मिलिअँपिअर खातो, बारा व्होल्टवर चोवीस तास, त्याचे तीन वॅट-अवर. जुन्या १२० मधे हे कोणाच्या लक्षात येत नव्हतं, नवीन ११ मधे मात्र चौथाईच्या वर वाटा त्याचा. मीटर लावून प्रत्येक तुकडा वेगळा मोजा, डेटाशीटवर जाऊ नका. बाजारात सगळीकडे मिळणारा तो निळा व्होल्टेज उतरवणारा मॉड्यूल सुद्धा काही काम न करता पाच-दहा मिलिअँपिअर पितो, तो आम्ही काढूनच टाकला.

११ वॅट-अवर म्हंजे १२.८ व्होल्टची २० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी एक किरण न पडता अठरा दिवस काढते, तेही ऐंशी टक्केच वापरून. आणि ४० वॅटचं पॅनल त्याच एक तासाच्या हिशोबाने २४ देतं, म्हंजे झडीतही रोज थोडं जमाच. ह्या बॅटरीचं एक सांभाळा, तिचं व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास सपाट असतं, तेरा व्होल्ट दिसलं म्हणून किती शिल्लक आहे ते कळत नाही. "बॅटरी कमी असेल तर झोप" हा निर्णय व्होल्टेजवर ठेवलात तर फसाल, आत-बाहेर गेलेला करंट मोजणारी छोटी चिप लावावी लागते. आणि कंट्रोलर लेड-ॲसिडच्या सेटिंगवर राहिला, त्यातून इक्वलायझेशन, म्हंजे मुद्दाम जास्त व्होल्टेजचं चार्जिंग, चालू असलं, तर बॅटरीची वाट लागते.

बाकी मग कोकण आहेच. पावसात सड्यावर सगळीकडे बोटभर पाणी साचतं, खड्डा भरतो आणि हवाबंद डबा होडीसारखा तरंगायला लागतो, म्हणून तो तळाला बोल्टने आवळला आणि खड्ड्याला उताराच्या बाजूने पाट काढला. केबल ग्लँड सगळ्या खालच्या अंगाला, वायर आधी खाली झोळ देऊन मग वर. मुंग्या कुठूनही शिरतात, पाली पण. पॅनल पंधरा अंशांवर ठेवलं, पावसाळ्यात उजेड सगळ्या आभाळातून येतो म्हणून जास्त तिरकं करून फायदा नाही आणि अगदी सपाट ठेवलं तर काचेवर शेवाळ धरतं. विजांचं खरं भय मे आणि ऑक्टोबरमधे. कोरड्या जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, एक रॉड ठोकून काही होत नाही, म्हणून जीआयची लांब पट्टी मातीच्या घळीत पुरली. तांब्याची नाही, ती राहत नाही जागेवर.

गडगडाटाने एक वेगळाच ताप दिला. मेघगर्जनेचा आवाज जमिनीत उतरतो आणि एसटीए-एलटीएला तो धक्काच वाटतो, वळवाच्या संध्याकाळी ट्रिगरची रांग लागायची. तासाला ठरावीक संख्येच्या वर तुकडे पाठवायचे नाहीत असा नियम घातला, कार्डावर सगळं असतंच. कोकण रेल्वेची गाडी आणि चिरेखाणीची मशीन हळूहळू चढतात, तीस सेकंदांची सरासरी त्यांना बऱ्यापैकी पचवते. काळ्या दगडाच्या खाणीतला सुरुंग मात्र ट्रिगर होतोच, पण त्यात पी जोरात आणि एस अशक्त, शिवाय वेळ दिवसाउजेडीची, त्यामुळे खाली बसून बघणाऱ्याला ओळखू येतो.

नवीन मांडणीवर पहिला जुलै गेला तेव्हा वरचा डबा एकदाही बंद पडला नाही. बंद पडलं ते खालचं. गेटवे आम्ही दरीपलीकडच्या वाडीत, जिथून सडा सरळ दिसतो अशा एका घरी ठेवलाय, माळ्याच्या फळीवर, काकूंच्या परवानगीने. तिथे फायबरचं इंटरनेट आहे आणि इन्व्हर्टर आहे. लाईट जास्त वेळ गेली तेव्हा इन्व्हर्टर संपला, गेटवे गेला, फायबरचा राऊटर गेला. सड्यावरचा डबा काही झालंच नाही अशा थाटात लिहीत राहिला आणि लाईट आल्यावर मागचे सगळे दिवस वायफायवरून एकेक करून खाली आले, डेटात भोक पडलं नाही. पण तेवढे दिवस "धक्का आला" हे कळवणारं पॅकेट कोणापर्यंत पोचत नव्हतं, आणि निम्मं काम त्याचंच होतं.

आता मोजलं तर गेटवे, वायफायचं खालचं टोक आणि राऊटर मिळून दहाएक वॅट, दिवसाला २४० वॅट-अवर, जुन्या सड्यावरच्या स्टेशनच्या दुप्पट. काकूंच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि मिक्सर पण आहे, तिथे आपला हक्क सांगण्यात अर्थ नाही. म्हणून सध्या लोराचा रिसीव्हर वेगळा काढून त्याला छोटी बॅटरी देतोय, वायफाय आणि राऊटर नसले तरी तो पॅकेट ऐकून साठवेल, आणि लाईट गेलेली असताना ट्रिगर आला तरच साध्या मोडेममधून एक एसएमएस टाकून परत बंद होईल. ते मिरगाच्या आधी बसलं पाहिजे, नंतर पाखाडीला शेवाळ धरलं की बॅटरी घेऊन चढायला कोणी तयार होत नाही.